खारेकाका

पाहुण्यांना वरची टाकी दिसते. चार फुटी काच, निळा उजेड आणि त्यात फिरणारे पांढऱ्या पट्ट्यांचे नारिंगी मासे. पाहुण्यांची मुलं ‘निमो, निमो’ करत काचेला नाक चिकटवतात. खारेकाका हे सगळं सोसतात. चहा येतो, नाकं बाजूला होतात, मग ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसतात, टाकीखालच्या कपाटाची दारं उघडतात आणि म्हणतात, “ते शोभेचं झालं. आता खरी टाकी बघा.”

सगळे वाकून बघतात. एकदम खाऱ्या ओलाव्याचा वास येतो. आत पाइप, वायरी, कप्पे, एक फसफसणारी नळी आणि त्या नळीवर तपकिरी द्रवाचा कप. पाहुणीच्या हातातलं बिस्कीट परत बशीत जातं.

खारेकाका हे नाव सोसायटीतल्या मुलांनी ठेवलं. ठाणे-मुलुंडपासून पुण्यापर्यंत असे काका आता बरेच आहेत. मुलगा परदेशी, गृहकर्ज फिटलेलं, दिवाणखान्याचा एक कोपरा रिकामा. अशा वयात कोणी गच्चीवर कुंड्या चढवतो, कोणी सह्याद्री चढतो. उरलेले खाऱ्या पाण्यात पडतात. गोल्डफिश पाळणाऱ्याकडे ते जसं बघतात, तसं मी फक्त ख्यालगायकांना ऑर्केस्ट्राकडे बघताना पाहिलंय.

तर ही खालची टाकी, म्हणजे संप. वरचं पाणी काठावरून ओसंडून पाइपातून खाली येतं. पहिल्या कप्प्यात कापडी पिशवी असते, तिला हे लोक मोजा म्हणतात. जाडा गाळ तिथे अडकतो. पुढे स्किमर, त्यापुढे दिव्याखाली वाढवलेल्या हिरव्या शेवाळाचा गुंता आणि शेवटी पाणी परत वर फेकणारा पंप. माशांनी जे टाकलं, जे खाल्लं नाही, ते सगळं इथे उतरतं. वर पाणी नितळ दिसतं ते खाली कोणीतरी निस्तरतं म्हणून. ‘कोणीतरी’ म्हणताना काका स्वतःच्या छातीवर बोट ठेवतात.

ज्या माणसाला स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात हे लग्नानंतर आजवर समजलेलं नाही, तो दर तीन-चार दिवसांनी टाकीचे मोजे न चुकता बदलतो. जास्त दिवस ठेवले तर अडकलेला गाळ तिथेच कुजतो आणि नायट्रेट वाढतं, असं तो जेवताना सांगतो. मोजे वॉशिंग मशीनमध्ये धुतले जातात, साबणाशिवाय, किंचित ब्लीच घालून, आणि दोरीवर कडक उन्हात वाळतात. काकूंचा पहिला आक्षेप मशीनला होता. दुसरा आक्षेप असा की, घरातले कपडे धुवायला टाकताना हाच माणूस खिसेसुद्धा तपासत नाही. ओट्यावर सांडलेला चहा त्याच्या डोळ्यांना दिसत नाही, पण पंपाच्या फटीत बसलेला चुन्याचा पांढरा थर बॅटरी न लावता दिसतो.

स्किमर हा काकांचा जीव. नळीत बारीक बुडबुडे सोडायचे. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटतो, फेस होऊन वर चढतो आणि कपात साचतो. “लाटा किनाऱ्यावर जो फेस आणतात ना, तेच हे. मी फक्त कपाटात आणलंय.” सकाळी उठल्यावर देवाला नमस्कार करण्याआधी काका कपातल्या द्रवाचा रंग बघतात. फिका आला की दिवसभर हुरहूर. गडद, जवळजवळ काळा आला की चहा दोनदा. एकदा जावई मुक्कामाला असताना कप खरोखरच अप्रतिम काळा झाला. तो ओतून टाकण्याआधी सगळ्यांनी बघावा म्हणून काकांनी डायनिंग टेबलावर आणला. जावयाने नाश्ता बाहेर केला.

महिन्यातल्या एका रविवारी महासफाई असते. काकू त्या दिवशी न सांगता बहिणीकडे जातात. पंप बंद होतो. काका जमिनीवर आडवे होऊन मानेपर्यंत कपाटात शिरतात. बाहेर फक्त लेंगा आणि टाचा उरतात. कोपऱ्यांतला गाळ पातळ नळीने ओढून घ्यायचा, स्किमरच्या गळ्यातला बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढायचा, पंप बादलीत व्हिनेगरमध्ये बुडवायचा. चुना फसफसून सुटू लागला की कपाटातून “वा!” ऐकू येतं. त्या बादलीवर मार्करने लिहिलंय, ‘टाकीची. साबण लावल्यास संबंध संपले.’ सोलापुरी टॉवेलांचा एक अख्खा जोड या कामी आला. तो लग्नातला होता, हे काकूंना अजून आठवतं.

एवढं करूनही तळ चकचकीत करायचा नाही, असं मानणाऱ्यांचा एक पंथ आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू, बारीक कवचधारी किडे, पाइपातल्या अंधारात वाढणारे स्पंज, हे सगळं संसार मांडून बसलेलं असतं, ते खरवडू नका म्हणतात. काकांचा असा एक मित्र पुण्याचा आहे, म्हणजे मताला अपील नाही. दोघांचं यावर तासन्‌तास फोनवर चालतं. गाळावर दोन सुशिक्षित माणसं इतकं बोलू शकतात, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं.

“प्रवाळ का नाही ठेवले?” असं विचारणाऱ्याला मात्र काका सोडत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. 2001 साली प्रवाळ पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. “वाघ ठेवाल का घरात?” मासेसुद्धा ते पैदास केलेलेच घेतात. तामिळनाडूत मंडपमला शास्त्रज्ञांनी क्लाउनफिशची टाकीत पैदास करून दाखवली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो.

दारावर येणाऱ्या कोळणीला यातलं काही पटत नाही. समुद्र एवढा जवळ असताना माणूस आरओचं पाणी भरतो, लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने पाकिटातलं मीठ मोजून घालतो, दुर्बिणीसारख्या नळीतून खारटपणा बघतो. “एवढं मीठ लावता,” ती म्हणाली, “मग खाता कधी?” काकांनी तिच्याकडून बोंबील घेतले आणि उत्तर दिलं नाही. तळलेले बोंबील ते टाकीकडे पाठ करून खातात.

मला या सगळ्यात रस असण्याचं कारण भौगोलिक आहे. मी त्यांच्या बरोबर खाली राहतो. वीज गेली की पंप थांबतो आणि पाइपातलं पाणी उलटं खाली येतं. ते थांबावं म्हणून पाइपाला वर एक बारीक भोक असतं, त्यातून हवा शिरली की धार तुटते. भोक मिठाने नाहीतर शेवाळाने बुजलं, की वरची टाकी खालच्या टाकीत येते आणि खालची टाकी माझ्याकडे. माझ्या छतावर गुजरातच्या नकाशासारखा एक डाग आहे. सौराष्ट्र थोडं वाढलंय. तेव्हापासून जिन्यात भेटले की मी “काका, भोक?” एवढंच विचारतो. “कालच साफ केलं,” काका सांगतात. नवीन भाडेकरू आमच्यापासून जरा लांबून जातात.

गणपतीला मात्र काकांना मालवणला जावंच लागतं. चावी माझ्याकडे येते, सोबत दोन्ही बाजूंनी लिहिलेला फुलस्केप. शेवटच्या कप्प्यातलं पाणी रेघेखाली गेलं तर फक्त गोडं पाणी घालायचं, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. मोजा बदलायचा. कपाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. ‘बघायचं’खाली दोन रेघा.

गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल आला. काका किनाऱ्यावर उभे, लेंगा पोटरीपर्यंत दुमडलेला, मागे लाटा फुटतायत.

“फेस कसा आहे?”

“मस्त दिसतोय, काका. समुद्र अगदी तुमच्या पायाशी आलाय.”

“हा नाही हो, हा फिका आहे,” काका मागे न बघता म्हणाले. “कपातला सांगा.”