लाखाला कमी पडलेले बेघर

शहरी बेघरांच्या निवारा योजनेचा हिशेब चोख होता: दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय. २०११च्या जनगणनेत वाशीम शहर भरले ७८,३८७. म्हणजे त्या हिशेबाने इथे किमान सोय ७८ जणांची; त्यापुढे फुटपाथवर झोपणाऱ्याने हक्काने निवारा मागण्याआधी शहरात आणखी शेजारी गोळा करावेत. कुणी म्हणेल, नियमाला कुठेतरी रेघ हवीच. शिवाय गावोगावी घरकुल आहेच की! आहे ना, पण घरकुलाचे १ लाख २० हजार हाती पडायला पायाखाली स्वतःची जागा लागते. जागा खरेदीलाही २०१५पासून दीनदयाळ योजना आहे, हेही खरे. मात्र तीही घरकुलाच्या यादीत नाव असलेल्यालाच. आणि बेघर होण्याआधीच मदत मागणारा? पक्क्या घरात असेल तर तो अपात्र. त्याला अजून घर आहे ना!