बाहुलीच्या पर्समधलं पाकीट

१९४५ सालच्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये पोटभर खायला नव्हतं, शेगडीला कोळसा नव्हता आणि नव्या कापडाचं तर नावच काढायला नको. तरी लोक रांगा लावून उभे होते, आणि तेही बाहुल्या बघायला! लुव्रच्या इमारतीतल्या सजावटकलेच्या संग्रहालयात ‘थिएत्र द ला मोद’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. दोनशेच्या वर बाहुल्या, प्रत्येकीच्या अंगावर बालेन्सियागा, स्कियापरेली, लाँव्हॅ असल्या बड्या घरांनी शिवलेला पोशाख. एकट्या पॅरिसमध्ये लाखाच्या घरात माणसं ते बघून गेली. जमलेले पैसे युद्धात होरपळलेल्यांच्या मदतीला दिले.

जर्मन जाऊन जेमतेम सात महिने झाले होते. उंची कपड्यांच्या धंद्याला जगाला सांगायचं होतं की आम्ही अजून आहोत. पण सांगायचं कशाच्या जोरावर? ताग्यातलं कापड संपलेलं. तेव्हा नीना रिची या शिवणघराच्या मालकिणीचा मुलगा रॉबेर याने तोडगा काढला : बाया परवडत नसतील तर बाहुल्यांना नटवू. कल्पना तशी जुनीच. फार पूर्वीपासून पॅरिसहून युरोपभरच्या दरबारांत नव्या धाटणीचे कपडे घातलेल्या बाहुल्या जात. त्यांना ‘पांदोरा’ म्हणत. फॅशनची मासिकं नव्हती तेव्हा ही बाहुलीच मासिक होती, आणि मासिकापेक्षा बरी, कारण तिला उलटी करून शिलाई बघता येई.

या नव्या बाहुल्या सत्तर सेंटिमीटर उंचीच्या, म्हणजे जेवणाच्या टेबलाहून जराशा बुटक्या. एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने त्यांचं अंग रेखाटलं ते नुसत्या तारेचं. हात तारेचे, पाय तारेचे, आणि धड म्हणजे एक रिकामा पिंजरा. वर प्लॅस्टरचं डोकं. ती डोकी घडवणाऱ्या जुआन रेबुल या शिल्पकाराने हट्ट धरला की चेहऱ्यांना रंग लावायचा नाही. त्यामुळे लाली नाही, लिपस्टिक नाही. आपल्याकडे गौरी बसवणाऱ्या घरातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. लोखंडी स्टँडला कंबर द्यायची, खांदे द्यायचे, पिना टोचत निऱ्या बसवायच्या आणि शेवटी मुखवटा ठेवायचा, हे त्या दरवर्षी करतात. फरक एवढाच की गौरीची साडी मागून कशी खोचली आहे ते कुणी बघत नाही, आणि बघू नये असंच आपण तिला भिंतीला टेकवून बसवतो.

पॅरिसच्या शिवणकामवाल्या बायकांनी ही सवलत घेतली नाही. वीज जायची, खोल्या गारठलेल्या, बोटं आखडलेली. तरी कोटाची बटणं खरोखर लागत होती, चेन खरोखर सरकत होती. कपड्याच्या आत अस्तर होतं. बूट चांभारकाम जाणणाऱ्यांनी केलेले, केस नामांकित केशभूषाकारांनी बसवलेले, दागिने कार्तिएसारख्या जवाहिऱ्यांचे. आणि मला जे वाचून हसू आलं आणि मग बराच वेळ सुटलं नाही ते हे : काही बाहुल्यांच्या हातातल्या पर्समध्ये चिमुकलं पाकीट आणि पावडरचा डबा होता.

आता हे पाकीट कोण बघणार? बाहुली काचेपलीकडे उभी. पर्स बंद. बघणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता नाही. तारेच्या बाईला पावडर लावायची नाही आणि तिच्याकडे सुटे पैसेही नाहीत. पण पर्स करणाऱ्याला माहीत होतं की रिकामी पर्स ही पर्स नव्हे. एरवी या लोकांनी आयुष्यभर अशा बायकांचे कपडे शिवले ज्या ‘इथे जरा सैल हवं’ म्हणतात, ट्रायलला येऊन श्वास रोखून धरतात आणि महिन्याभराने दोन इंच वाढून परत येतात. ही पहिलीच गिऱ्हाईक जिने एक शब्दही उच्चारला नाही. मग कारागिराने सगळी हौस तिच्यावर भागवून घेतली.

आणि हे काम लहान म्हणून सोपं असेल असं वाटत असेल तर एखाद्या बाहुलीला परकर शिवून पाहा. माप लहान होतं, कापडाची जाडी लहान होत नाही. जी दुमड आपल्या कंबरेवर दिसतही नाही ती वीतभर बाईच्या कंबरेला टायर लावल्यासारखी उठते. त्याहून मोठा खोडा म्हणजे वजन. आपल्या घेराचा झगा पडतो तो स्वतःच्या भाराने. बाहुलीच्या झग्याला तेवढा भारच नसतो, त्यामुळे तो खाली यायचं नाव घेत नाही, छत्रीसारखा फुलून राहतो. म्हणून ही मंडळी पातळात पातळ रेशीम शोधतात, अस्तर उसवून पुन्हा घालतात, चुण्यांना कच्चे टाके घालून वाफ देतात.

ही विद्या कुठवर नेते बघा. तैवानमध्ये जन्मलेला जेसन वू लहानपणी बाहुल्यांवरच शिवण शिकला. मुलाने बाहुल्या मागितल्या आणि आईने त्या दिल्या, वर शिलाई मशीनही दिलं. या माउलीला माझा नमस्कार. पोरगा विशीत यायच्या आत एका खेळणी कंपनीसाठी ‘फॅशन रॉयल्टी’ नावाच्या बाहुल्यांचे पोशाख करू लागला. २००९ च्या जानेवारीत मिशेल ओबामा शपथविधीनंतरच्या नृत्यसमारंभात जो एका खांद्याचा पांढरा झगा घालून आल्या तो त्याचाच होता.

जगभर मोठी माणसं आज अशा बाहुल्या जमवतात. व्हँकूव्हरची मरीना बिचकोव्हा पोर्सेलिनच्या बाहुल्या करते. सांध्यासांध्यात वळणाऱ्या, अंगावर मण्यांचं आणि जरीचं असं काम की आपल्या लग्नातला शालू ओशाळावा. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक बार्बी ३,०२,५०० डॉलरना गेली. तिच्या गळ्यात ऑस्ट्रेलियातल्या जवाहिऱ्याने घडवलेला, खऱ्या गुलाबी हिऱ्याचा हार होता. पैसे स्तनकर्करोगाच्या संशोधनाला गेले, त्यामुळे नाक मुरडायचीही सोय नाही.

हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे. खटकतं ते वेगळंच. या बाजारात सर्वांत जास्त किंमत येते ती डब्यातून कधीच न काढलेल्या बाहुलीला. पायाला तार बांधलेली, केसांवर जाळी, बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचे बूट. चेन सरकते की नाही ते सरकवून कुणी बघितलेलं नाही. डबा जरा उघडला की भाव खाली. आमच्या लहानपणी पाहुण्यांसाठी राखलेल्या बशा फडताळात असायच्या, पण पाहुणे आले की त्या निघायच्या तरी. इथे पाहुणे येतात आणि डबाच बघून जातात. बाहुलीशी खेळायचं वय गेलं म्हणून कुणी ती जमवू नये असं मी म्हणणार नाही. पण जमवलीच तर तिची बटणं एकदा तरी काढून लावावीत. तेवढ्यासाठीच कुणीतरी डोळे फोडून ती काजं केली आहेत.

‘थिएत्र द ला मोद’चं पुढे काय झालं तेही मजेशीर आहे. ते प्रदर्शन युरोप फिरलं, १९४६ मध्ये नव्या हंगामाचे कपडे घालून न्यूयॉर्कला गेलं आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. तिथून दागिने तेवढे पॅरिसला परतले. बाहुल्यांना परत नेण्याची कुणाला निकड वाटली नाही, आणि त्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या. १९५२ मध्ये त्यांना वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयाने थारा दिला. कोलंबिया नदीच्या काठी, उघड्याबोडक्या माळावर हे संग्रहालय आहे. त्यात रोदँची शिल्पं, रुमानियाच्या राणीचं फर्निचर, बुद्धिबळाचे पट आणि या पॅरिसच्या बाया. १९८८ मध्ये त्या डागडुजीसाठी माहेरी गेल्या, १९९० मध्ये पॅरिसने त्यांना पुन्हा डोक्यावर घेतलं, आणि त्या परत मेरीहिलला नांदायला आल्या.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं-सुना सिएटल किंवा पोर्टलंडकडे असतील. बाळंतपणाला किंवा नातवंडांसाठी गेलात की मॉल दाखवून झाल्यावर त्यांना मेरीहिलला न्यायला सांगा. पोर्टलंडहून गाडीने दोनेक तास लागतात. मात्र ऐन थंडीत जाऊ नका, संग्रहालय नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बंद असतं. आणि सगळे देखावे एकदम मांडत नाहीत, आळीपाळीने लावतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.