मार्क टाका, चेंडू घ्या

स्टुटगार्टमध्ये चारशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. शहर दरीत, घरं उतारावर, आणि एके काळी त्या उतारांवर द्राक्षमळे. मळ्यात चढण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या पुढे रस्ते म्हणूनच कायम झाल्या. पर्यटकांना ही माहिती फार कौतुकाने सांगतात. शंभर किलोंचं टेबल घरी न्यायला निघालेल्या माणसाला मात्र कोणी सांगत नाही.

टेबल म्हणजे फुसबॉलचं. आठ दांड्या, त्यांत ओवलेले दोन्ही संघांचे मिळून बावीस खेळाडू, आणि दांड्या ओढून-फिरवून करायचा गोल. जर्मनीत या प्रकाराला किकर म्हणतात आणि तो कुठेही भेटतो. बिअरच्या गुत्त्यात, युवक केंद्रात, आमच्या जावईबापूंच्या ऑफिसात. तिथे जेवणाच्या सुट्टीत रोज सामने होतात आणि जावईबापू रोज हरतात. पुढेपुढे त्यांचा जोडीदार व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी घरी सराव करायचं ठरवलं. चांगलं नवं टेबल हजार युरोंच्या वर जातं, म्हणून जुनं घ्यायचं ठरलं. लेक मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जा यांच्याबरोबर. हे एकटे गेले तर रंग बघून घेऊन येतील."

माझा जन्म बांधकामांवर गेला. फुसबॉलमधलं मला काही कळत नाही, पण सपाटी कळते. म्हणून आधी एक पाणसळ विकत घेतली. जावईबापू म्हणाले, "बाबा, फोनमध्ये असते की पाणसळ." असेल. फोनमध्ये पाऊसही असतो, म्हणून कोणी त्यावर स्लॅबला पाणी मारत नाही.

जर्मन जाहिरातींना एक शिस्त असते. किमतीपुढे 'फाउ बे' ही दोन अक्षरं असली तर भावात बोलणं होऊ शकतं. नसली तर तोंड उघडायचं नाही. 'स्वतः येऊन न्यावे' हे शेवटचं वाक्य वाचताना अगदी किरकोळ वाटतं. जिना चढताना तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत 'क्वचितच खेळलेले' असं अभिमानाने लिहिलेलं असतं. यावर माझं मत असं, की चांगलं टेबल क्वचित खेळलेलं राहीलच कसं? ज्यावर कोणाला खेळावंसंच वाटलं नाही, ते आपण कशाला घ्या?

पहिलं टेबल पाहिलं एस्लिंगेनला. नेकर नदीकाठचं गाव, लाकडी चौकटींची जुनी घरं, वर टेकडीवर द्राक्षमळे, सगळं चित्रातलं. घरही नीटनेटकं. टेबल मुलाच्या खोलीत, हिरवंगार, चकचकीत. वरचा पत्रा उलटला की त्याचंच बिलियर्डही होणारं. जावईबापू हरखले. मी एका बाजूला धरून एका हाताने टेबल उचललं आणि ते उचललं गेलं. तपासणी तिथेच संपली. चार माणसं तावातावाने दांड्या ओढत असताना हलायला नको असेल, तर टेबलाला वजन हवं. दणकट टेबल सत्तर-ऐंशी किलोंच्या पुढचं असतं. गुत्त्यातलं नाणं टाकायचं टेबल त्याहून जड.

तरी मालकाचं मन राखायला मी चेंडू मधोमध ठेवला. तो स्वतःच्या मर्जीने कोपऱ्याकडे निघाला आणि कोणत्याच खेळाडूचा पाय पोचत नाही अशा जागी जाऊन बसला. गोलरक्षक धरून फिरवला तर दांडी जागेवर आणि तो एकटाच गोल फिरला. मालक म्हणाले, "क्वचितच खेळलंय." दारात उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "कारण ते भंगार आहे." मुलाला आईने आत बोलावलं. आम्हाला सफरचंदाचा रस मिळाला.

परतीच्या वाटेवर जावईबापूंनी इतिहास सांगितला. या गृहस्थांना खेळ सोडून खेळाबद्दलचं सगळं माहीत आहे. हॅरल्ड थॉर्नटन नावाच्या इंग्रजाने १९२१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२३मध्ये त्याला ते मिळालं. पण स्पेनमध्ये विचाराल तर शोध त्यांच्या आलेखांद्रो फिनिस्तेर्रेचा. यादवी युद्धात बाँबहल्ल्यात तो जखमी झाला. दवाखान्यात फुटबॉल खेळू न शकणारी जखमी मुलं पाहून त्याला टेबलावरचा फुटबॉल सुचला. १९३७मध्ये त्याने बार्सिलोनात पेटंट घेतलं. पुढे पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये पळताना पेटंटचे कागद पावसात भिजून गेले, असं तो सांगे. पुढे ग्वाटेमालातून आपल्याला विमानात घालून स्पेनला पाठवत होते, तेव्हा चंदेरी कागदात गुंडाळलेला साबण बाँब म्हणून दाखवून आपण विमानच वळवलं, असंही तो सांगे. मी म्हटलं, "जावईबापू, हा माणूस कवी असणार." तो खरोखरच कवी होता.

दुसरं टेबल श्वेबिश आल्बच्या पठारावरच्या एका खेड्यात होतं. वाटेत माउलटाशे खाल्ले. कणकेच्या पारीत मांस आणि पालक भरून उकडतात. आख्यायिका अशी, की उपासाच्या काळात मांस देवाला दिसू नये म्हणून मठातल्या साधूंनी ते कणकेत लपवलं. साबुदाण्याच्या खिचडीवर एकादशी काढणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं? मी दुसरी वाटी घेतली.

हे टेबल नामांकित कारखान्याचं, जाडजूड, आणि किंमत संशय यावा इतकी कमी. ते गोठ्यात ठेवलेलं होतं. शेतकरी दिलदार होता. म्हणाला, "निवांत तपासा," आणि दूध काढायला निघून गेला. जावईबापूंनी आधी मुठींचं रबर पाहिलं, ते झिजलेलं. मग कडेचे आघात झेलणारे रबरी बफर पाहिले, ते तडकलेले. त्यांचा चेहरा पडला. मी सांगितलं, "खिल्लार बैल घ्यायला गेलेला माणूस गोंडा बघत नाही, दात बघतो. रबर, मुठी, एखादा खेळाडू या गोष्टी नावाजलेल्या टेबलाच्या असतील तर सुट्या मिळतात. दांडी बघा."

दांडीची परीक्षा सोपी आहे. एका टोकाला खाली वाकून डोळा लावायचा आणि दुसऱ्याने ती सावकाश फिरवायची. सरळ असेल तर ती फिरतेय हे कळतही नाही. वाकलेली असेल तर मधले खेळाडू वरखाली डुलतात. इथे मधल्या फळीचे पाचही जण वारीला निघाल्यागत डुलत होते. दांड्या पोकळ पोलादी असतात, कारण हलक्या दांडीला हात वेगाने चालतो. पण कोणीतरी तिच्यावर बसलं की संपलं. वाकलेली दांडी सरळ करायच्या भानगडीत पडू नये. त्यात गोठ्याचा दमटपणा मैदानात शिरून मधोमध फुगवटा आलेला. फुगलेल्या लाकडाला इलाज नाही. हे मी आयुष्यात अनेक दरवाज्यांच्या बाबतीत पाहिलंय. शेतकऱ्याला तसं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही. गाईंना सवय झाली आहे, राहू दे, म्हणाला.

यानंतर जावईबापूंनी मध्येच फ्रान्सहून बोंझिनी कंपनीचं टेबल मागवायचा घाट घातला. बोंझिनीचे खेळाडू धातूचे असतात, चेंडू बुचाच्या लाकडाचा, दिसायला देखणं प्रकरण. इटलीचे गार्लांदो आणि रोबेर्तो, अमेरिकेचं टोर्नेडो, जर्मनीचं लिओनहार्ट, प्रत्येकाचा चेंडू वेगळा, मैदानाची पकड वेगळी, खेळही वेगळा. अमेरिकेत तर गोलात तीन-तीन रक्षक उभे करतात. मी एकच विचारलं, "ऑफिसात कुठलं आहे?" ते म्हणाले, "जर्मन." मग पॅरिसच्या पद्धतीने सराव करून स्टुटगार्टमध्ये हरायचं कशाला?

सराव म्हणजे काय करायचा हाही प्रश्नच होता. जावईबापूंचा सगळा खेळ दांडी गरगर फिरवण्यावर उभा. स्पर्धेच्या नियमांत चेंडूला लागण्याआधी किंवा नंतर दांडी ३६० अंशांपेक्षा जास्त फिरवणं चालत नाही. हा नियम वाचला त्या रात्री ते जेवले नाहीत.

तिसरं टेबल मिळालं ग्योपिंगेनच्या बाजूला, बंद होणाऱ्या एका गुत्त्यात. मालक साठी ओलांडलेले. टेबलं विकून निवृत्त होत होते. कोपऱ्यात नाण्यांवर चालणारं किकर. कडेला सिगारेटी विझवल्याचे डाग, मुठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाने काळ्या. जावईबापूंनी नाक मुरडलं. मी एक बाजू उचलून पाहिली आणि नाद सोडून दिला. आनंद झाला.

दांड्या सरळ. खेळाडू घट्ट, तेही खिळीने ठोकलेले, म्हणजे ढिले झाले तर खिळी काढून बदलता येतात. दांडी ढकलली तर ती आवाज न करता दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. बेअरिंगमध्ये खडखडाट नाही. मैदानावर पाणसळ ठेवली, बुडबुडा एका बाजूला पळाला. जावईबापू म्हणाले, "गेलं!" मी पाणसळ उचलून जमिनीवर ठेवली. बुडबुडा तिथेच पळाला. कलती होती जमीन. मालकांनी एका पायाखाली बिअरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या घालून अनेक वर्षं काम भागवलं होतं. पायाचा स्क्रू फिरतो हे त्यांना माहीत होतं, पण चकत्या फुकट येत होत्या.

इथे मला माणूस कळला. श्वाब लोकांचा चिक्कूपणा जर्मनीभर प्रसिद्ध आहे, आणि मी पुण्यात वाढलो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, पण ते नातं चुकीच्या गावाशी जोडलंय, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांनी साडेतीनशे युरो सांगितले. मी गप्प बसलो. तेही गप्प बसले. मी टेबलाकडे बघून हळूच मान हलवली. त्यांनी खिडकीबाहेर बघून हळूच मान हलवली. जावईबापू मध्येच बोलले नसते तर आम्ही दोघं आजही तिथे बसलेले असतो. किंमत कमी झाली नाही. मात्र वर चेंडूंची पिशवी मिळाली, पाच-सहा सुटे खेळाडू, पेटीची किल्ली, आणि दांड्यांना सिलिकॉनचं तेल दोन थेंब लावायचं, ते मैदानावर पडू द्यायचं नाही, हा सल्ला मिळाला.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. टेबल मार्क घेतं, म्हणजे युरोआधीचं जर्मन नाणं. युरोची नाणी आली २००२मध्ये; मालकांनी नाण्याचं यंत्र बदललं नाही, त्याला खर्च येतो. गिऱ्हाइकाने युरो द्यायचे, मालकांनी गल्ल्यातून एक मार्क काढून द्यायचा, तो टाकून दांडा ओढला की चेंडू गडगडत खाली येतात. गोल झालेला चेंडू आत गडप. परत हवा तर दुसरा मार्क. पेटीतले मार्क रात्री पुन्हा गल्ल्यात. मी म्हटलं, मग थोडे मार्कही द्या. त्यांनी दहा मोजून दिले. जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही मार्क बदलून देते, एका युरोला १.९५५८३ या दराने आणि कुठल्याही मुदतीशिवाय. मालकांनी कागदावर भागाकार केला आणि पाच युरो अकरा सेंट वेगळे घेतले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

व्हॅन भाड्याने आणली. पाय सुटे केले, दांड्या पंच्याने आवळून बांधल्या. न बांधता टेबल आडवं केलं तर दांडी सरकून समोरच्याच्या बरगडीत जाते. वर न्यायला जावईबापूंचे ऑफिसातले चार मित्र आले, तेच ते, रोज हरवणारे. तिसरा मजला, जुनी इमारत, वळणाचा जिना. पहिल्या वळणावर जर्मनांनी मोजमापं घेतली, दुसऱ्या वळणावर वाद घातला, तिसऱ्या वळणावर मी "हळू, हळू, डावीकडे, आता सोडू नका" असं मराठीत ओरडलो आणि टेबल वळलं.

तळमजल्यावरच्या आजी हे सगळं दारातून बघत होत्या. या इमारतीत केअरवोखे पाळतात: आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा आणि पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी लटकवायची. त्या आठवड्यात पाटी आजींच्या दारावर होती आणि जिन्यात गोठ्याचा नव्हे, पण गुत्त्याचा कचरा सांडलेला. त्या झाडू घेऊन वरपर्यंत आल्या. रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी आवाज नाही, असं जावईबापूंना दोनदा वदवून घेतलं. मग टेबलाकडे पाहिलं, नाण्याच्या फटीवर बोट फिरवलं, खाली गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डबा मार्कांनी भरलेला. जर्मन लोकांच्या घरोघरी अब्जावधी मार्क अजून पडून आहेत म्हणतात. त्यातले काही कुठे आहेत ते मला कळलं.

आजींनी एक मार्क टाकला, दांडा ओढला, चष्मा वर सरकवला. दांडी त्यांनी एकदाही गरगर फिरवली नाही. चेंडू पायाखाली दाबून धरत, शेजारच्या खेळाडूकडे सरकवत, जावईबापूंचा गोलरक्षक डावीकडे गेला की उजवीकडे मारत. ऑफिसातले चौघे बिअर घेऊन भिंतीला टेकले आणि कोण जिंकणार यावर पैज लावायलाही कोणी तयार झाला नाही.

डाव संपल्यावर आजींनी किल्ली मागितली, पेटी उघडून आपला मार्क काढला, डब्यात टाकला, आणि जिना घाण कोणी केला याचा विचार करून पाटी आमच्या दाराला लावून गेल्या.