व्हाया माजरी

भाच्यानं खासगी वैमानिकाचा परवाना काढला ही बातमी आमच्या माजरीच्या कॉलनीत पोचली आणि संध्याकाळपर्यंत हैदराबादचं बुकिंग सुरू झालं. कोणाला डोळे दाखवायचे होते, कोणाला चारमिनार पाहायचा होता. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "किती घेशील?" या परवान्यावर माणसं नेता येतात, पण त्यांच्याकडून भाडं घेता येत नाही, हे ऐकून शेजारचे काका हबकले. वय 17 पूर्ण, दहावी पास, 40 तासांचं उड्डाण, त्यात एकट्यानं 150 सागरी मैलांची, म्हणजे जवळजवळ 278 किलोमीटरची एक चक्कर, तीही वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून. एवढं सगळं करून फुकट?

"काहून बाप्पा?" काका म्हणाले. "त्याच्यापेक्षा काळी-पिवळी घेतली असती तं आतापर्यंत वसूल झाली असती."

बेत होता नागपूर ते हैदराबाद, सेस्ना 172 मधून. सरळ रेघेत 400 किलोमीटरच्या थोडं वर. वेग 100 नॉट, म्हणजे ताशी 185 किलोमीटर धरला तर सव्वादोन तास. त्या सव्वादोन तासांसाठी भाच्यानं आमच्या बैठकीच्या खोलीतली फरशी कित्येक दिवस अडवून ठेवली. नकाशा, पट्टी, कोनमापक, पेन्सिल. नाक सरळ हैदराबादकडे ठेवलं की हैदराबाद येतं, अशी माझी समजूत. पण वारा बाजूनं ढकलतो, म्हणून नाक जरा वाऱ्याकडे वळवून ठेवायचं. किती वळवायचं ते वाऱ्यावर अवलंबून, आणि वारा उंचीगणिक वेगळा. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी खाली ओळखीची खूण सापडली पाहिजे, आणि तिथवर किती वेळ लागला, किती पेट्रोल जळालं, हे कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायचं.

हिंगणघाट उजवीकडे, वरोरा डावीकडे, मग वर्धा नदी, मग डाव्या हाताला वणी आणि तिच्या पलीकडे माजरी. माजरीभोवती लाल गोल! जे गाव सुपरफास्ट गाड्या फक्त हॉर्न वाजवण्यापुरतं ओळखतात, त्याला लाल गोल. इथून रूळ फुटतात. एक वाट बल्लारशाकडे जाते, दुसरी वणीवरून आदिलाबादकडे, आणि हैदराबादची सरळ रेघ या दोन्हींच्या मधून. पूर्वीचे वैमानिक रुळांवर नजर ठेवून जात. तसं जाणारा माजरीला चुकला तर त्याची पुढची सगळी गावं चुकली. माझा ऊर भरून आला. भाचा म्हणाला, "गाव नाही दिसत वरून, मामा. खाण दिसते."

त्याला हुरूप यावा म्हणून मी 1930 सालची गोष्ट काढली. इंग्लंड आणि भारत यांमधलं अंतर एकट्यानं उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकिरला जेआरडी उतरले तर अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसलेला. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला, आणि अस्पीनं बक्षीस मारलं. पुढे तो वायुदलाचा प्रमुख झाला. जेआरडींनी 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते वेगळं. मी म्हटलं, प्लग जास्तीचे घे, पण वाटेत कोणाला भेटू नको. भाचा म्हणाला, आता प्लग आपल्या हातानं बदलायचे नसतात, त्याला परवानाधारक इंजिनिअर लागतो. गोष्टीची मजाच गेली.

मग दिवस ठरवायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 46-47 वर. तापलेली हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, धावपट्टी जास्त लागते, आणि दुपारी वर गेलं की आतडी गळ्यात. पावसाळ्यात ढग, आणि याला तर जमीन पाहत उडायचं. हिवाळ्यातल्या सकाळी धुकं आणि कोळशाचा धुरळा एकत्र. नियमाला 5 किलोमीटर लांबचं दिसायला हवं, आम्हाला समोरचा सायकलवाला घंटीवरून कळतो. संध्याकाळी सूर्य मावळून 20 मिनिटं झाली की असं उडणं बंद. शिवाय आधी फ्लाइट प्लॅन द्यायचा, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यायचा. आमच्याकडे पाहुणे न कळवता येतात. वायुदलाला ते चालत नाही.

शेवटी वजनं. खुर्च्या चार असल्या तरी टाक्या काठोकाठ भरल्या तर चार भरल्या अंगाची माणसं बसत नाहीत. माणूस वाढला की पेट्रोल कमी करा, आणि पोचल्यावरही थोडं राखीव उरलंच पाहिजे. मी रिटायर होतानाच्या मेडिकलमधलं वजन सांगितलं. भाच्यानं काही न बोलता काटा आणला. माझ्या आकड्यावर त्यानं वाटेत एकदा उतरून पेट्रोल भरावं लागेल का, याचा हिशेब सुरू केला. मामी काट्यावर चढेचना. "लग्नापासून तुझ्या मामाला नाही सांगितलं, तं तुला सांगू?" वर कोण कुठे बसणार हेही वजनावर, कारण मागे भार झाला की तोल जातो. विमानात संडास नाही, म्हणून निघायच्या दिवशी माझा चहा बंद, हेही त्यानं प्लॅनमध्ये लिहून टाकलं.

तारीख डिसेंबरातली धरली आहे. हैदराबादच्या लेकी-जावयांना काही पाठवायचं असेल त्यांनी किराणा दुकानात तोलून, वजनाची चिठ्ठी लावून आणावं. कुरड्या, पापड चालतील. लोणच्याची बरणी रेल्वेनं पाठवा.