विलायती कॅराव्हॅनवाल्यांस धाराशिवहून अनावृत पत्र

इंग्लंडातील समस्त कॅराव्हॅनधारक बंधू-भगिनींस,

सुट्टीला निघताना मोटारीमागे जोडायचं ते चाकांवरचं घर आपल्या मोटारीला झेपेल की नाही, या विवंचनेत तुम्ही जे झुरता ते पाहून आम्हा धाराशिवकरांना तुमची कीव येते. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन रिकाम्या मोटारीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, हा तुमच्याकडे नवख्यांना दिला जाणारा सल्ला. कॅराव्हॅनच्या दांडीचा हुकावर पडणारा भार एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा, म्हणून तुमच्यातले काहीजण न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणतात. आणि ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलो किंवा मोटारीचं निम्मं वजन, यांतलं जे कमी असेल त्यापुढे जाऊ द्यायचा नाही, हा तर तुमचा कायदाच. एवढ्या धास्तीने माणसं सहलीला जातात तरी कशाला? दिवाळीनंतर उसाचा गाळप हंगाम रंगात आला की कळंब, वाशी, लोहारा, उमरगा, कुठल्याही रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहा. पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं मुंडकं साधारण दोन टनांचं असतं. त्यामागे दोन ट्रॉल्या, उसासकट बावीस टन धरा. तुमच्या हिशेबाने हे अकराशे टक्के झाले. ट्रॉल्यांना ब्रेक आहेत का, असं विचाराल. तर बहुतेकींना नसतात. किरकोळ खर्चात आम्ही पडत नाही.

दोन टनांचं यंत्र बावीस टन ओढतं कसं, याचं तुम्हाला नवल वाटेल. ओढतं, यात शंका नाही. खालच्या गिअरमध्ये वेग सोडून जोर मिळवता येतो आणि सपाट डांबरी रस्त्यावर चाकांवरचं ओझं हलतं ठेवायला त्याच्या वजनाच्या मानाने फार थोडा जोर लागतो. आमच्याकडे ट्रॅक्टर घेताना सगळी चर्चा इथेच सुरू होते आणि इथेच संपते: एचपी किती, चढाला दम टाकतो का, डबल ट्रॉली ओढेल ना. थांबेल का, हे विचारणारं गिऱ्हाईक भेटणं कठीण. थांबण्याचा हिशेब मात्र निराळा आहे. शेतीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि त्या चाकांवर जेवढं वजन, तेवढीच रस्त्यावर पकड. ट्रॉलीच्या दांडीचा भार धरून मागच्या चाकांवर दोन टन आले असं समजू. कोरड्या डांबरावर त्यातून सव्वा टनाच्या आसपास रोखणारा जोर मिळतो, आणि रोखायचे असतात एकूण चोवीस टन. म्हणजे गाडीच्या वजनाचा जेमतेम विसावा भाग. ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेली ही वरात सपाटीवर थांबायला ब्रेक लागल्यापासून सत्तरेक मीटर घेते; साधी मोटार तेवढ्याच वेगात पाच-सहा मीटरांत थांबते. आता वीस मीटरला एक मीटर असा उतार घ्या. तिथे हे ओझं खाली ढकलणारा जोरही वजनाचा विसावा भागच असतो. वजाबाकी केली की हाती जवळजवळ शून्य उरतं. ब्रेक उत्तम असले, पाय अनुभवी असला, तरी शून्यच. इंजिनाचा ब्रेक लावावा म्हटलं तर तोही त्याच दोन टायरांमधून रस्त्यापर्यंत पोचतो. तुळजापूर, येडशी, येरमाळा ही बालाघाटाच्या डोंगरातली नावं तुम्ही नकाशावर पाहून ठेवा. उतारावर मागच्या ट्रॉल्या मुंडक्याला ढकलू लागल्या की मुंडकं आडवं होतं. चढावर उलटं: ओढ मागून आणि खालून बसल्याने पुढची चाकं अधांतरी होतात, स्टिअरिंग नुसतंच फिरतं. तेव्हा आमचा ड्रायव्हर डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून ट्रॅक्टर वळवतो. हे कसब तुमच्या कुठल्या शिकवणीत शिकवतात?

वेग कमी असतो, मग धोका कसला, असं आमच्याकडचे जाणते म्हणतात. वरचा हिशेब त्या कमी वेगाचाच आहे. शिवाय कमी वेग हाच रात्री नवा धोका होतो: मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, आणि पाठीमागून महामार्गाच्या वेगाने येणारा मोटारसायकलवाला. इतकी वर्षं हेच चाललंय, असंही म्हणतात. वर्षं मोजायची, आणि उलटलेल्या ट्रॉल्या मोजायच्या नाहीत, अशी ती पद्धत आहे.

एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ट्रॅक्टर कर्जाचा असतो. ऊसतोड टोळीला आगाऊ उचल दिलेली असते, आणि टोळीचा मुकादम ती घेऊन गायब होण्याची धास्ती वेगळीच. वाहतुकीचा पैसा अंतर आणि टन यांवर मिळतो, आणि साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीपर्यंत पोचायला रांगेत तासन् तास जातात. अशा माणसाला एकच ट्रॉली लाव म्हणणं म्हणजे खेपा दुप्पट, डिझेल जास्त, रांग दुप्पट. हे खरं आहे. पण यातून ट्रॅक्टरमालकाचा निर्दोषपणा फार तर सिद्ध होतो, दोन ट्रॉल्यांची सुरक्षितता नव्हे. स्वस्त वाहतुकीतला उरलेला खर्च कुणीतरी भरतोच. तो रस्त्यावर समोरून किंवा मागून येणारा भरतो, आणि त्याची पावती फाडली जात नाही. तोडणी-वाहतूक उसाच्या पैशातूनच कापली जाते, तेव्हा ब्रेकचे चार पैसे दरात धरले तर शेतकरी बोंब मारेल हेही मान्य. त्यातला वाटा कारखान्याने उचलावा, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

कारण सगळा पुरावा कारखान्याकडेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. तो लावायला वजन हवं, आणि रस्त्यात काटा कुठून आणायचा, अशी अडचण अधिकारी सांगतात. इकडे प्रत्येक उसाची गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा काट्यावर चढते, आकडा छापून निघतो, त्यावर बिल निघतं. उभ्या जिल्ह्यात इतक्या काटेकोरपणे मोजलं जाणारं वाहन दुसरं नसेल. ट्रॅक्टरच्या नोंदणीपुस्तकाची प्रत वाहतूक कराराच्या फायलीत, वजनाची पावती संगणकात. दोन कागद शेजारी ठेवायचे तेवढे राहिलेत. कराराला एक ओळ जोडता येईल: ब्रेक नसलेली दुसरी ट्रॉली गेटच्या आत येणार नाही, आणि ठरल्या वजनापुढच्या टनाला वाहतूक मिळणार नाही. पुढच्या हंगामाचे करार पावसाळ्यात होतात. तोवर तुमच्यापैकी कुणाकडे दांडीचा भार मोजायचे जास्तीचे काटे असतील, तर पाठवून द्यावेत. किलोचे चालणार नाहीत, टनाचे लागतील.



आपला,
डबल ट्रॉलीच्या मागे चाललेला एक धाराशिवकर