चढावर मोटर मना

विजेवर चालणारी माउंटन बाइक घ्यायला नुसते पैसे लागतात. ती चालवायला जागा शोधायची तर वकिली लागते. कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्यासारख्या कुणालाही विचारा. खिडकीतून डोंगर दिसतो, डोंगरावर वाटा दिसतात, वाटांवर सायकली दिसतात. वाट कुणाच्या ताब्यातली, एवढंच दिसत नाही, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

व्हाइट रँच हे उद्यान जेफरसन काउंटीचं. तिथल्या मातीच्या वाटांवर क्लास वन बाइक चालते. क्लास वन म्हणजे पॅडल मारलं तरच मदत करणारी, आणि ताशी 32 किलोमीटरला हात आखडता घेणारी. उत्तरेला वॉकर रँच आहे, ते बोल्डर काउंटीचं. पाइनची झाडं तीच, धाप लावणारा चढही तोच. पण तिथे ही बाइक चालत नाही. बोल्डर काउंटीचं ई-बाइकशी वाकडं आहे असं मुळीच नाही. खाली मैदानातल्या बऱ्याच ट्रेल्सवर त्यांनी परवानगी दिली आहे. म्हणजे वाट सपाट असेल तर खुशाल मोटर लावा, चढ लागला की उतरा. हा निर्णय घेताना गुडघ्यांना कुणी बैठकीला बोलावलेलं दिसत नाही.

काउंटीची हद्द संपली की राष्ट्रीय जंगल. तिथे फॉरेस्ट सर्व्हिसच्या लेखी ई-बाइक हे मोटरवाहनच. मोटरसायकलींना मोकळी असलेली वाट किंवा ई-बाइकसाठी मुद्दाम उघडलेली वाट, एवढीच आपली. ती शोधायला ‘मोटर व्हेईकल यूज मॅप’ नावाचा नकाशा फुकट मिळतो. काळापांढरा, तुटक रेषांचा, वाटांना नावांऐवजी नंबर, आणि कोपऱ्यात कुठली वाट कुठल्या महिन्यात उघडी याचं मुंग्यांएवढ्या अक्षरातलं कोष्टक.

शेजारच्या युटात बरीचशी जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. ई-बाइकला सायकलीसारखं वागवा, असा आदेश त्यांच्या वरच्या खात्याने 2019 साली काढला. 2020 च्या अखेरीस नियम आला, त्यात कुठली वाट उघडायची हे स्थानिक अधिकाऱ्यावर सोपवलं. मग फोन लावायचा. पलीकडून आधी विचारणा होते ती क्लासची. टू असेल तर पॅडल न मारताही चालते, थ्री असेल तर मदत ताशी 45 किलोमीटरपर्यंत मिळते. एरवी स्वतःच्या क्लासबद्दल कुणी इतक्या आपुलकीने विचारत नाही.

या बाइकच्या मोटरला साधारण 750 वॅटची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम एका घोड्याची ताकद. गंमत अशी, की 1964 च्या कायद्याने राखलेल्या वाइल्डरनेस भागात मोटर तर नाहीच, साधी सायकलही चालत नाही. पण घोडा बहुतेक ठिकाणी चालतो. पाचशे किलोचं, नाल ठोकलेलं, वाटभर लीद टाकत जाणारं ते जनावर सनातन, आणि आमची बाटलीएवढी मोटर मात्र आक्रमक.

वाटेची माती उखडते म्हणावं, तर माउंटन बाइकवाल्यांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने ओरेगनमध्ये छोटी चाचणी घेतली. क्लास वन बाइकने हललेली माती साध्या सायकलीच्या जवळपास भरली, मोटरसायकलीपेक्षा कितीतरी कमी. जेफरसन काउंटीने आधी प्रयोग करून पाहिला, तेव्हा वाटेवरच्या अनेकांना शेजारून गेलेली सायकल विजेची होती हे कळलंही नव्हतं. विरोधकांची एक तक्रार खरी आहे: चढावर समोरून इतक्या वेगाने कुणी येईल, अशी उतरणाऱ्याची अपेक्षा नसते. पण खरा सल वेगळा असावा. आम्ही घाम गाळून जिथे पोचलो, तिथे हे गप्पा मारत कसे पोचले?

डोंगराचं हे एसटीसारखंच आहे. खिडकीतून ज्याचा रुमाल आधी पडला, त्याला मागाहून आलेला प्रत्येक जण घुसखोर वाटतो. घोडेस्वार आणि पायी चालणारे एकेकाळी सायकलवाल्यांवर असेच खवळले होते. कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीतली पोरं 1976 च्या सुमारास जुन्या सायकली रिपॅक नावाच्या उतारावरून सोडायची. खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून उताराचं नाव रिपॅक. आज त्याच खेळाचे वारसदार आमच्या बॅटरीकडे नाक मुरडतात. युटातल्या मोॲबला तर रुमालच उलटा पडला आहे. तिथली जगप्रसिद्ध स्लिकरॉक ट्रेल 1969 साली आखली गेली ती मोटरसायकलींसाठी. सायकली मागाहून आल्या. त्यामुळे तिथे आम्हाला कुणी अडवत नाही.

या शोधाशोधीचा एक फायदा झाला. पूर्वी डोंगर म्हणजे सगळा सरकारी, एवढंच ज्ञान होतं. आता काउंटी कुठे संपते, जंगल कुठे सुरू होतं, हरणांच्या विणीसाठी कुठलं फाटक बंद असतं, सगळं तोंडपाठ आहे. मोटरीने पायांचे जेवढे कष्ट वाचवले, तेवढे डोळ्यांकडून आणि डोक्याकडून वसूल झाले. हिशेब चोख राहिला. ई-बाइकवाल्यांना घाम येत नाही म्हणणाऱ्यांनी तो काळापांढरा नकाशा एकदा उलगडून तरी बघावा, आणि जमल्यास पुन्हा होता तसा घडी घालून दाखवावा.