ताण

सोसायटी कुठलीही असो, एक अण्णा असतातच. आमच्या पुण्यातल्या अण्णांकडे पार्किंगच्या कडेला एक डाळिंबाचं झुडूप आहे. पाल्यानं माजलेलं, पण फळांच्या नावानं बोंब. वर्षाला दोनतीन धरतात. एक उकलतं, एक अळी पोखरते. तरी त्याची वंशावळ ऐकल्याशिवाय तुम्हाला गाडी काढता येत नाही. ''गणेश आहे हा! डॉ. चीमांनी १९३६ साली इथं गणेशखिंडीत निवडलेला वाण. तुमचा तो भगवा कालचा पोर.''

मग खाली गळलेलं एक फूल उचलून ते नखानं चिरतात. ''बूड निमुळतं म्हणजे नर. हे गळणारच. बूड फुगीर असेल तेच फळ धरणार. आणि धरणार कधी? ताण दिल्यावर!''

ताण हा अण्णांचा गुरुमंत्र. पाऊस सरला की पाणी तोडायचं, महिना-दीड महिना झाड ताणावर सोडायचं, पानगळ झाली की खत-पाणी. मग आंबे बहार बघा कसा फुटतो. शास्त्र चोख आहे. पण अण्णा ते झाडापुरतं ठेवत नाहीत. माझ्या मुलाला बारावीला मार्क कमी पडले, ''लाड फार. ताण द्या!'' तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांचं लग्न ठरेना. ''आईनं डबे बंद करावेत. ताण!'' लिफ्ट बिघडली तेव्हा मेकॅनिकचे पैसे ह्याच तत्त्वावर थकवले. आम्ही सगळे सहा महिने जिने चढलो. बहार काही आला नाही.

एवढं असून झुडपाला फळ का नाही, हे कोडं वॉचमननं फोडलं. ''अण्णा रोज रात्री येतात ना तांब्या घेऊन!'' विचारलं तर म्हणाले, ''कपभरच हो. पानं मलूल झाली होती, बघवेना.''

गेल्या दसऱ्यानंतर ते मुलाकडे बंगळूरला गेले ते संक्रांतीलाच परतले. कुणी झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पार काटक्या झाल्या होत्या. अण्णांनी घाबरून खत-पाणी केलं आणि फेब्रुवारीत झुडूप लालभडक फुलांनी लगडलं. आम्ही अभिनंदन करायला गेलो, तर चेहरा उतरलेला. ''म्हणजे मी नसलो की बरं चालतं ह्याचं,'' एवढंच बोलले.

फळं दाटीनं धरली. विरळणी करा, बाकीची पोसतील, असं त्यांचंच पुस्तक सांगत होतं. अण्णा कात्री घेऊन गेले, फांदीफांदीशी थबकले आणि एकही न तोडता परत आले. परिणामी सगळी लिंबाएवढी राहिली. जुलैत त्यांनी घरटी एक वाटलं आणि दारातच उभे राहिले, चव विचारायला.

दाणे फिके, आंबट. सबंध सोसायटीनं ''गोड आहे'' म्हणून सांगितलं. त्या माणसाला ताण द्यायची छाती आमच्यात कुणाचीच नव्हती.